रोबोटला ओठ नव्हते

अरशदभाई,

अब्बा लूमच्या कारखान्यात आतून कडी लावून बसलेत. मी तिकडेच चाललेय. आज भंगारवाल्याचा टेम्पो येऊ देऊ नकोस.

तुला आवडलेला रोबोटचा पिक्चर त्यांना बकवास वाटला, कारण रोबोटला ओठच नव्हते. कार्टूनमध्ये तोंडं खोटी हलतात म्हणून तेही बंद करायला लावलं. तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं. मागांच्या खडखडाटात कान गेले तरी लूमवाला ओठ वाचतो, हे आपणच विसरलो. काल मारामारीचा पिक्चर लावून दिला आणि टीव्हीशेजारी उभं राहून आपण लूम भंगारात विकायचं ठरवलं. 'त्यांना कुठं ऐकू येतंय!' असं तूच म्हणालास. ते पिक्चर बघतच नव्हते.

आता तिकडे ये आणि त्यांच्यासमोर उभा राहून बोल. तोंडावर हात धरू नकोस.

बुशरा