अव्वाची झोप आणि माझी

२२ डिसेंबर, सोमवार
झोप: दीड तास + पाऊण तास.
मापाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहायला घेतलंय. पुढून लोकांच्या छात्या-कंबरा, मागून माझ्या रात्री.
आज पाटलांच्या सुनेचा ब्लाउज कापला. पुढचे दोन्ही भाग एकाच बाजूचे! वीस वर्षं शिवतेय, पहिल्या वर्षीसुद्धा अशी चूक नव्हती केली. कापड साडीतलंच, दुसरं मिळायचं नाही. शेजारची चाँदबी फॉल लावायच्या साड्या न्यायला आली होती. म्हणाली, "क्या भाभी, आँखां कैसे लाल हुए? रोए क्या?" रडायला वेळ कुठाय. सासू झोपू देत नाही म्हटलं, तर हसली. "सबकी सास वैसीच रहती." तिला गंमत वाटली.
गंमत नाही. यांची आई, अव्वा, ऐंशीच्या पुढची. रात्री एकला उठते, एक लुगडं गाठोड्यात बांधते आणि दाराची कडी काढायला लागते. "नडी, मनिगी होगूणू." चल, घरी जाऊ. माहेर चिंचोळीकडचं, कन्नड मुलखातलं. दिवसभर मराठी बोलते, रात्री फक्त कन्नड. साठ वर्षं या घरात काढली, आणि अंधार पडला की हे घर परकं.

२४ डिसेंबर, बुधवार
पाळ्या लावल्या होत्या, एक रात्र हे, एक रात्र मी. काल यांची. रिवायंडिंगच्या दुकानात दिवसभर मोटारीची तार गुंडाळून आलेला माणूस, पडला की ओंडका. पहाटे उठले तर दार सताड उघडं. अव्वा बसस्टँडवर. दूधवाल्याने बाकावर बसवून ठेवलेली. पायात चप्पल नाही, थंडी ही अशी. मला बघून म्हणाली, "बस यायली न्हाई अजून." जणू मीच उशीर केला.
हे म्हणाले, "मला जागच आली न्हाई की."
मी अव्वाचे पाय धुवायला घेतले. बोलायला सुरू केलं असतं तर थांबले नसते.
आता दाराला कुलूप. अव्वा रात्रभर कुलूप वाजवते.

२६ डिसेंबर
यांनी औषधाच्या दुकानातून झोपेच्या गोळ्या आणल्या. चिठ्ठी नाही, काही नाही. "हलकी हाय म्हणला, समदे घेतेत."
डॉक्टरला न विचारता?
"डॉक्टर काय दुसरं देणार हाय?"
मला पटवून घ्यायचं होतं. पटलं.

२७ डिसेंबर, शनिवार
सात तास. सात!
उठले तर ऊन आलेलं. अव्वा गाढ. एकटीने बसून चहा प्यायले, गरम. पाटलांच्या सुनेच्या ब्लाउजला पुढून जोड दिला आणि नवी फॅशन आहे म्हणून सांगितलं. आवडला म्हणे.

३१ डिसेंबर
अव्वा अकरापर्यंत उठत नाही. उठवलं तर डोळे उघडते, पण मी त्यात दिसत नसणार. आंबील हनुवटीवरून खाली. गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब न घेणारी बाई, चार दिवस पूजेला बसली नाही. कपाळाला भस्म मीच लावते. हे म्हणतात वय झालं.
या चार दिवसांत माझे नऊ ब्लाउज झाले. खरं सांगायचं तर मला हे आवडायला लागलंय. लिहून टाकलं एकदाचं.

३ जानेवारी, शनिवार
अव्वा पडली. मोरीत. कपाळाला चार टाके.
काल आठला मी गोळी दिली. हे नऊला दुकानातून आले, मी आतल्या खोलीत मशीनवर, यांनीही दिली. मी सांगितलं नाही, यांनी विचारलं नाही. एका घरात दोन वैद्य. पहाटे उठली ती झोपेतच. पाय टाकला आणि...
रिक्षात जखम माझ्या बोटांनी दाबून धरली होती. वाटलं, गेली. आम्हीच मारली. ती कन्नडमध्ये कुणाला तरी हाक मारत होती, मला नाही.
टाके घालणारे म्हणाले, नशीब तुमचं. गोळी आजपासून बंद, आणि बिदरला मोठ्या डॉक्टरांना दाखवा.
हे घरी आल्यावर शर्ट न बदलता दुकानात जाऊन बसले. शर्टावर रक्त होतं.

५ जानेवारी, सोमवार
बिदर. डॉक्टरीणबाई लहान वयाच्या. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, म्हातारपणी या गोळ्यांनी तोल जातो, डोकं आणखी गोंधळतं. स्वतःच्या मनानं कधीच द्यायच्या नाहीत. लघवी तपासली तर त्यात दोष निघाला, त्याचं औषध दिलं. सारखं उठायचं तेही एक कारण.
बाकी सगळं करायला सांगितलंय ते आमच्या अंगावरचं आहे. रोज एकाच वेळी उठवा, सकाळचं ऊन द्या, दुपारी झोपू देऊ नका. चारनंतर चहा बंद. निजायच्या आधी मोरीत न्या, वाटेवर मंद दिवा ठेवा, खाटेऐवजी खाली गादी. दिवसा हाताला काम हवं. आणि रात्री उठल्या तर "हेच तुमचं घर" म्हणून वाद घालू नका, जरा फिरवून आणा.
शेवटी मला विचारलं, "तुम्ही किती झोपता?"
रडू आलं. इतक्या दिवसांत कुणी विचारलं नव्हतं.
परतीच्या बसमध्ये मी झोपले आणि अव्वा जागी. हे सांगत होते, तिने माझं डोकं खांद्यावर घेतलं होतं.

९ जानेवारी
चहावरून महाभारत. "माज्याच घरात मला च्या न्हाई?" च्यासाठी बरं तिचं घर असतं.
दुपारी ती पेंगते म्हणून अंगणात फिरवते, तर मीच चालता चालता पेंगते. चाँदबी कठड्यावरून बघत होती. "दोनों में कौन किसकू फिरारे?"
झोप: २ + १॥

१५ जानेवारी, गुरुवार
संक्रांतीला नणंद आली, महानंदा, सोलापूरहून. तिळगूळ हातात घेऊन अव्वाच्या पाया पडायला वाकली आणि कपाळ दिसलं. यांनी लगेच सगळं सांगून टाकलं. या माणसाला कधी बोलावं ते कळत नाही.
"माज्या आईला नशा देऊन झोपवायलाव? जनावर हाय का ती?"
ऐकून घेतलं. खोटं काय होतं त्यात.
पण रात्री नणंद आतल्या खोलीत दार लावून झोपली. अव्वा तीनदा उठली, तीनदा मी. सकाळी महानंदा म्हणते, "झोपली की ग छान." तिळगूळ घ्या, गोड बोला.

१९ जानेवारी, सोमवार
काम सापडलं! घरची खायची तूर. अव्वा सूप घेऊन दहापासून चारपर्यंत उन्हात बसते, खडे काढते. माणसं विसरली, पण बोटं विसरली नाहीत. रात्री साडेतीन तास सलग झोपली.
पण तूर किती पुरणार? परवा संपली. मग मी काय केलं, काढलेले खडे परत तुरीत मिसळले. आता रोज संध्याकाळी मिसळते, सकाळी तेच सूप पुढे ठेवते. हे म्हणाले, "बरं डोकं चालवलीस."
झोप: ४.

२३ जानेवारी
पकडले गेले.
दुपारी अव्वाने सूप खाली ठेवलं. "ही तूर मी निवडलेली हाय."
नाही अव्वा, दुसरी आहे, मी म्हटलं.
"ह्यो लाल खडा वळखते मी. रोज यायलाय." खडा माझ्या हातावर ठेवला. मग, "तुला काम न्हाई म्हणून सांग की. खोटं कामून बोलायलीस?"
रात्री सून कोण ते कळत नाही, आणि खडा बरोबर ओळखला. मला कुठे तोंड लपवू असं झालं. पाया पडले. ती म्हणाली, "ऊठ, च्या कर." चार वाजून गेले होते. केला.

२८ जानेवारी, बुधवार
आता खरं काम देते. सैल करायला आलेले ब्लाउज असतात, त्यांची शिवण अव्वा उसवते. कापडाला इजा नाही, एक धागा वाया नाही. माझ्यापेक्षा साफ हात.
काल एक नवा, हुक लावून तयार ठेवलेला ब्लाउजही उसवला. बाह्या, पाठ, पुढचे भाग, सगळ्याच्या नीट घड्या घालून ठेवल्या. "झालं बग," म्हणाली. हसत हसत परत शिवला.
झोप: ४॥. एकदाच उठली. मोरीत नेलं, दोन फेऱ्या मारल्या, सकाळी जाऊ म्हटलं. ऐकलं. यांनी पण परवाची पाळी खरोखर जागून काढली, मशीनजवळ खुर्ची टाकून. होईल असं वाटतंय.

३ फेब्रुवारी, मंगळवार
नाही होत.
अव्वाला सर्दी-ताप, चार रात्री सगळं पुन्हा पहिल्यासारखं. लगीनसराईचे बावीस ब्लाउज पडलेत. काल ती कडीवरचा हात सोडेना, तेव्हा मी तो झटकला. जोरात. ती भिंतीला टेकली आणि रात्र असून मराठीत म्हणाली, "मारू नको ग बाई."
मारलं नव्हतं. पण अजून दोन रात्री अशा गेल्या तर काय करेन ते मला माहीत नाही. मला माझीच भीती वाटली.
सकाळी महानंदाला मीच फोन लावला. काही लपवलं नाही. ती ओरडेल वाटलं होतं. पण म्हणाली, "एक महिना मी नेते, वैनी. तू झोप."
आभार मानायचे राहिले. नुसतं व्हय व्हय करत होते.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
हे अव्वाला सोडायला गेले, बसवकल्याणवरून सोलापूर. आज गाठोडं मी बांधलं. "मनिगी?" तिने विचारलं. व्हय म्हटलं. महानंदाचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे.
बिदरच्या डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगणं मोठ्या अक्षरात कागदावर उतरवून लुगड्याच्या घडीत ठेवलं.

७ फेब्रुवारी
साडेनऊ तास.
वाटलं होतं सवय मोडली असेल, तिची आठवण येईल, झोप लागायची नाही. कसलं काय. पडले ती मेल्यासारखी. आठवण आली ती चहा पिताना.

९ फेब्रुवारी, सोमवार
तिसरी रात्र, आठ तास. कात्री सरळ चालते. तीन दिवस यांच्याशी भांडण नाही. हे म्हणाले, "माणसात आलीस." चाँदबीने तर कमालच केली, "जवान होगए भाभी तुमे." आरशात बघून आले.

१० फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी महानंदाचा फोन. आवाज बसलेला. चार रात्री ती जागी. खालचे लोक दारात येऊन बोलून गेले. काल अव्वा गॅलरीच्या दाराशी गाठोडं घेऊन उभी होती.
"वैनी, ती गोळी कंची व्हती?"
कुठली, म्हटलं. कळलं होतं.
"तीच ग. नाव सांग. अर्धीच देते. आजच्या दिवस."
डॉक्टरला विचार म्हटलं. म्हणाली, "विचारले. न्हाई म्हणतेत. म्हणून तर तुला विचारायले."
मी म्हटलं, बघून सांगते. बघायचं काय त्यात, नाव तोंडपाठ आहे. संक्रांतीला जनावर हाय का ती म्हणून मला बोलली होती, ते एक क्षण आठवलं आणि बरं वाटलं. मग तेही वाटेना. चार रात्रींनंतर माणूस कुठे जातो ते मला विचारा.
यांना सांगितलं. "सांगून टाक. तिची बी आईच हाय, बघून घेईल." चपला घातल्या, परत आत आले. "नको. नको सांगू." आणि गेले.
नाव सांगितलं तर तिथे तिसऱ्या मजल्यावर पुन्हा तेच, या वेळी टाक्यांवर भागेल कशावरून. नाही सांगितलं तर आज ना उद्या अव्वा परत इथे. मला अजून तीन आठवडे हवेत. एवढंच हवंय मला, झोपायला, आणि हे कुणाला तोंडाने सांगता येत नाही.
मधे दोनदा फोन वाजला, उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला तर महानंदा नव्हती, अव्वा होती. दिवस होता म्हणून मराठीत.
"जेवलीस का ग?"
व्हय अव्वा.
"झोपलीस का नीट?"
झोपले.
"मग ये की न्यायला."
फोन ठेवला.  आता एक वाजलाय. अडीचला बसवकल्याणची बस आहे. बाहीची एक शिवण मशीनवर अर्धी आहे, तेवढी पुरी करते आणि निघते.