खाडा म्हणजे काय, चार ओळींत

आबा,

तुमच्या नातीचा आज सकाळी फोन आला. शाळेतलं खिचडीचं पातेलं मी नुकतंच उतरवलं होतं, हात ओले होते, तरी फोन उचलला, कारण कामाच्या वेळेत ती कधी फोन करत नाही. म्हणाली, "आई, खाडा म्हणजे काय ते मला चार ओळींत लिहून दे. तुझ्या अक्षरात. फोटो काढून पाठव, आम्हाला ऑफिसातल्या सरांना द्यायचंय." मी म्हटलं, "चारच ओळी?" तर म्हणाली, "त्याच्यापुढं ते वाचत नाहीत." पोरं जेवून गेली, भांडी झाली, तेव्हापासून कागद घेऊन बसले आहे. चार ओळी काही होत नाहीत. लिहायला घेतलं की प्रत्येक ओळ तुमच्याकडंच वळते. म्हणून म्हटलं आधी तुम्हालाच लिहावं. तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुम्ही असतात तरी हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं.

ही नात तुम्ही पाहिली नाही. तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नही व्हायचं होतं. ती आर्किटेक्ट झाली आहे. हा शब्द मलाही माहीत नव्हता, तिनंच शिकवला. घर बांधायच्या आधी ते कागदावर उभं करायचं, वारा कुठून येईल, जिना कुठं असेल, हे सगळं आधीच ठरवायचं, त्याला पाच वर्षांचं शिक्षण असतं. गावात अजून सगळे तिला इंजिनेरच म्हणतात. तिचं दुसरं वर्ष चालू होतं तेव्हा तिचे वडील गेले. त्यानंतर मी शाळेत खिचडी शिजवायला लागले. शाळेच्या कपाटात पुस्तकं आहेत, कुणी हात लावत नव्हतं. भात शिजेपर्यंत एकेक वाचत गेले. तिच्या कॉलेजातली पुस्तकं मात्र मला कळली नाहीत, त्यातली चित्रं बघायचे.

पुण्यात नोकरी लागली तेव्हा मी विहारात पेढे वाटले. पगार किती म्हणून सगळ्यांनी विचारलं. मीही तिला विचारलं. तिनं सांगितला तेव्हा मला वाटलं, आठवड्याचा सांगतेय. महिन्याचा होता. आपल्या गल्लीत एक गवंडी आहे, पोरीच्या वडलांचा दोस्त, तोंडाचा फटकळ पण मनाचा चांगला. पेढा तोंडात टाकत म्हणाला, "वहिनी, पाठवा पोरीला माझ्या हाताखाली. बिगारी पायजेच हाय मला. तिथल्यापेक्षा दोन पैसे जास्तच दीन." सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन दाराला कडी लावली आणि बसून राहिले. मला तेव्हा राग आला नाही, आबा. धक्का बसला. पाच वर्षं पोरगी रात्र रात्र जागून शिकली, आणि भिंत उभी करणाऱ्यापेक्षा भिंत कुठं उभी करायची ते सांगणारीला कमी, हे गणित मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

ती मात्र हसून सांगायची. सकाळी गेली की कधी सुटेल याचा नेम नाही, जास्तीच्या वेळेचं वेगळं काही मिळत नाही, रविवारीही बोलावतात. वर्षभर तिच्याकडं कुणाच्या कुणाच्या बंगल्यातल्या संडास-बाथरूमच्या फरश्यांचे नकाशे काढायचं काम आहे. "आई, पुण्यातल्या निम्म्या श्रीमंतांचे संडास मला तोंडपाठ आहेत," असं म्हणायची. एकदा बोलता बोलता म्हणाली की तिथं न सांगता एक दिवस सुट्टी पडली तर दोन दिवसांचा पगार कापतात, आजारी असलं तरी. माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हंजी खाडा."

"काय?"

"काही न्हाई. आपल्याकडं कारखान्याला असाच असतो."

तिला तो शब्द फार आवडला. तिच्याबरोबर खोलीत दोन मुली राहतात, एक नागपूरची, एक कोल्हापूरची, तिघी एकाच ऑफिसात. त्यांच्यात तो शब्द सुरू झाला. मी फोन केला की मागून आवाज यायचा, "काकू, माझा आज खाडा पडला!" आणि खिदळणं. तुम्ही माझ्यासमोर ज्या शब्दाला घाबरत होता, तो तिथं मॅगी खाता खाता चेष्टेत चालला होता.

त्या थंडीतला दिवस मी तिला कधी सांगितला नाही. आपली ऊसतोडीची टोळी कोणत्या कारखान्याला होती ते आठवत नाही, नदीकाठ होता एवढं आठवतं. कोपीत, आपल्या पाचटाच्या झोपडीत, आई पडली आहे, अंगावर तुमचं धोतर, माझं पांघरूण, सगळं घातलंय तरी तिचे दात वाजताहेत. तुम्ही दारात उभे आहात, हातात कोयता आहे, आणि जात नाही. मुकादम मोटारसायकल उभी करतो.

"काय बे, उन्हं वर आली. कोयता का बसलाय?"

"घरची तापलीय."

"मग खाडा मांडू का? कोयता म्हंजी दोघं. एक पडलं की कोयता पडला."

तुम्ही आत बघता. आईकडं नाही, माझ्याकडं. मी चुलीशी बसून शिळी भाकर खातेय.

"न्हाई पडत खाडा," तुम्ही म्हणता. "पोरगी हाय माझी."

आणि मी उठते. मला आनंद झाला होता, आबा. तुम्हाला हे मी कधी सांगितलं नाही. तुम्ही तोडत पुढं जात होता, मी मागं मोळ्या बांधत होते, आईसारख्या, आणि मला वाटत होतं मी मोठी झाले. उसाच्या पानांनी हात कापले गेले, ते मी फ्रॉकला पुसत राहिले. आई उठेपर्यंत मीच तुमचा अर्धा कोयता होते. ज्या संध्याकाळी आई पहिल्यांदा उठून बसली, तिनं माझे हात पाहिले आणि तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही न जेवता बाहेर जाऊन बसलात.

पुढच्या हंगामाला तुम्ही मला आत्याकडं ठेवलंत. मी ट्रकमध्ये भांड्यांच्या पोत्यामागं लपून बसले होते. तुम्ही मला दंडाला धरून खाली ओढलंत आणि थोबाडीत मारलीत. आयुष्यात तेवढी एकदाच. "शाळंत जायचं. परत मोळीला हात लावलेला दिसला तर बघ." मला वाटलं माझ्या मोळ्या सैल बांधल्या जात होत्या म्हणून तुम्ही मला टाकून चाललात. कितीतरी वर्षं मला तसंच वाटत होतं.

आता पुण्याचं सांगते. मागच्या महिन्यात तिला ताप आला. फोनवर आवाज घोगरा, म्हणाली डॉक्टरनं रक्त तपासायला सांगितलंय, बाकी काही नाही. मी शाळेत सांगून एसटीत बसले. खोलीची किल्ली तिच्याजवळ, म्हणून आधी ऑफिसात गेले. काचेचं दार, आत गार हवा, ओळीनं पोरं-पोरी मान खाली घालून बसलेली. एवढी पोरं एका जागी असून आवाज नाही. तुमच्या नातीचा चेहरा लाल झाला होता आणि ती स्क्रीनकडं बघत बसली होती. तिचे सर स्वतः उठून आले. वाईट माणूस नाही, आबा. मला खुर्ची दिली, चहा मागवला.

"काकू, तुमची मुलगी फार हुशार आहे. एवढ्या कमी वेळात एवढं शिकायला दुसरीकडं मिळत नाही."

"साहेब, तिला ताप हाय."

"हो हो, मला कळलं. आमच्या वेळी तर पगारच नव्हता हो, नुसतं शिकायचो. पण मी तिला म्हटलं घरी जा, तब्येत आधी. मॉडेल घरी बसून केलं तरी चालेल."

मॉडेल म्हणजे वसाहतीची छोटी प्रतिकृती. पुठ्ठ्याच्या इमारती, रस्ते, झाडं, नखाएवढी पांढरी माणसं. ते खोकं आम्ही दोघींनी रिक्षात मांडीवर धरून खोलीवर आणलं. बाकीच्या दोघी ऑफिसातच होत्या. दुपारी तिनं गोळी घेतली, बसली, चार झाडं लावली आणि भिंतीला टेकली. मी म्हटलं, "दे इकडं. कुठं लावायचं तेवढं सांग." हिरव्या स्पंजचे तुकडे, खाली काडी, काडीला गोंद, आणि भोकात बसवायचं. ती पडल्या पडल्या सांगत होती, मी लावत होते. मग इमारतीच्या कडा कापायच्या होत्या. तिनं पट्टी धरली, मी कटर चालवला. माझी कड तिच्यापेक्षा सरळ आली. ती म्हणाली, "आई, तू तर भारी आहेस!" आणि मी लाजले.

तेवढ्यात ऑफिसातून फोन आला, कोल्हापूरच्या मुलीचा. तिनं काय विचारलं ते ऐकू आलं नाही. तुमची नात डोळे मिटून, हसत हसत म्हणाली, "छे गं, नाही पडत खाडा. आई आहे माझी."

आबा, माझ्या हातात कटर होता. तो तसाच राहिला. तिला काही माहीत नव्हतं. तिनं ते सहज म्हटलं होतं, कौतुकानं. पण मला एकदम तुमचा आवाज ऐकू आला, कोपीच्या दारातला, आणि मी माझ्या हातांकडं पाहिलं. मी म्हणायला हवं होतं, ठेव ते खोकं, उद्या मी तुझ्या सरांना सांगते. पण मी म्हणाले, "अजून कोणती झाडं राहिलीत?" आणि दिवे लागेपर्यंत लावत बसले. बरंही वाटत होतं. तेच जुनं बरं वाटणं, मोळ्या बांधतानाचं.

मॉडेल संपल्यावर मी तिला तो दिवस सांगितला. ती हसली नाही. बाकीच्या दोघी आल्यावर तिनं त्यांनाही सांगितला, तेव्हा नागपूरची मुलगी म्हणाली, "काकू, सॉरी." मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत होतं. तेव्हापासून त्यांची चेष्टा बंद झाली.

आता त्या तिघींनी आणि ऑफिसातल्या अजून काहींनी सरांना अर्ज दिला आहे. आजारपणाचा पगार कापू नये, जास्तीच्या वेळेचं काहीतरी मिळावं, आणि वर ठळक लिहिलंय, खाडा बंद करा. सर म्हणाले, "हा खाडा काय प्रकार आहे? नीट शब्द वापरा." म्हणून चार ओळी हव्यात. मी सकाळी तिला विचारलं, "आणि अनुभवाचं पत्र?" दोन वर्षं भरल्यावर ते पत्र मिळणार आहे, त्यावर पुढची नोकरी. ती म्हणाली, "कदाचित नाही मिळणार." मग म्हणाली, "आई, आमचा त्रास आजोबांएवढा नाही, मला माहितीय. आम्ही एसीत बसतो. त्यांचा शब्द आम्ही वापरला तर चालेल ना?"

खरंच एवढा नाही, आबा. तिथं साप नाही, मुकादम नाही, आगाऊ घेतलेली उचल फेडायची नाही. पण ती झाडं मी माझ्या हातानं लावली आहेत, म्हणून नाही म्हणायलाही तोंड नाही. शब्द तुमचा. तुम्हीच सांगा.

एवढं लिहिता लिहिता त्या चार ओळी झाल्या आहेत. वेगळ्या कागदावर काढल्या. अक्षर चांगलं आलंय.

नवरा-बायको मिळून एक कोयता. एक आजारी पडलं तरी कोयता पडला.
त्या दिवसाची मजुरी जाते, वर दंड बसतो, त्याला खाडा म्हणतात.
खाडा माणूस बघत नाही, जागा रिकामी आहे का एवढंच बघतो.
तो पडू नये म्हणून घरातलं जे कुणी उभं राहू शकतं, ते उठून उभं राहतं.

तुम्ही मला ट्रकमधून खाली ओढलंत, त्याला किती धीर लागला असेल ते मला आज कळतंय. मागं वळून तुम्ही बघितलं नव्हतं. मला एक फोटो काढून तो पाठवायला बोट दाबायचंय, तर होत नाही. वाटतं, दोन वर्षं भरायला आता थोडंच राहिलंय, तेवढं भरू दे. आईनं असंच म्हटलं असेल का तुम्हाला, त्या वर्षी? एवढा हंगाम पोरीला बरोबर राहू द्या म्हणून?

दिवस मावळायच्या आत तिनं मेसेज करून विचारलं, "आई, लिहिलंस का?" मी कळवलं, चष्मा सापडत नाही.

चष्मा डोळ्यांवरच आहे, आबा.