खंडेनवमीला बंद झालेला कॉम्प्युटर

खंडेनवमी, २००३. संध्याकाळ.

कॉम्प्युटर एकदाचा सुरू झाला. नवीन विंडोज अर्धवट चढलेली, सगळी पुन्हा टाकावी लागली. बायकोचा प्रबंध आधी दुसऱ्या हार्डडिस्कवर काढून घेतला, म्हणून वाचला.

सकाळी विंडोज चढायला लावून, मशीन तसंच चालू ठेवून राजारामपुरीत गेलतो. आलो तर बटण बंद, वर हळदकुंकू, झेंडू. आई म्हणाली, "पूजेला मशीन चालू ठेवत्यात व्हय?" खरंय, आमच्या वर्कशॉपातली लेथही आज पूजेला बंदच असते. तरी मी तिच्यावर ओरडलो. 'बंद करू नका' असं पडद्यावर होतं, पण इंग्रजीत. तिला कुठलं वाचता येतंय? सांगून का गेलो नाही?

कुंकू अजून पुसलेलं नाही.

मघाशी स्वयंपाकघरातला दिवा घालवतानाही तिनं मला विचारलं, "बंद करू न्हवं?"