एसीच्या पाण्याला उताराची परवानगी

प्रति,
मा. देखभाल अधिकारी,
कर्मचारी निवास, इमारत क्र. ३

विषय : एसीच्या पाण्यास उतारावरून वाहू देण्याबाबत.
संदर्भ : माझे सात अर्ज व त्यांवरील आपला एकच शेरा : 'गळती आढळली नाही.'

महोदय,

१. मी सदनिका क्र. ११ मध्ये पती व सासूबाईंसह राहते. सासूबाईंचे उजवे अंग लुळे आहे. उकाडा सोसत नाही. दोनदा घेरी येऊन दवाखान्यात न्यावे लागले. म्हणून डॉक्टरांनी एसी चालू ठेवण्यास सांगितले आहे. खोली एवढीशी, की पलंग एकाच भिंतीला लागतो आणि एसी त्याच भिंतीवर आहे. दुपार झाली की पाणी थेट त्यांच्या अंगावर ठिबकते.

२. अर्ज केला की आपला तपासनीस येतो. नियमानुसार आधी एसी बंद करतो, पाणी पितो, वही भरतो आणि मग वर पाहतो. "बघा ताई, टिपूस नाही!" यावर सासूबाई म्हणाल्या, "बाबा रे, झोपलेला माणूस शिव्या देत नाही, म्हणून तो सभ्य का?" हे वाक्य त्याने वहीत घेतलेले नाही.

३. अखेर बाहेरचा मेकॅनिक बोलावला. त्याने जाळी धुतली, नळी फुंकून साफ केली. दोष मळाचा नव्हता. गेल्या वर्षी रंगकामावेळी, दर्शनी भिंतीवरील सर्व नळ्या एका रेषेत असाव्यात असे आपले परिपत्रक निघाले. आमच्या भिंतीचे भोक शेजाऱ्यांपेक्षा खाली. त्यामुळे आमची नळी बाहेर पडताच चार बोटे वर चढते. "वहिनी, पाण्याला जिना दिलाय, पाय कोण देणार?" असे म्हणून त्याने नळी खाली वळवली. एकोणीस दिवस भिंत कोरडी होती. सासूबाई चक्क गुणगुणू लागल्या :

पाण्याला वाट द्यावी, लेकीला भेट द्यावी
अडवाल या दोघांना, घराला ओल यावी

४. विसाव्या दिवशी आपली नोटीस आली : 'नळी वाकडी असून इमारतीच्या शोभेस बाधा येते.' त्याच सकाळी ती सरळ करण्यात आली. इमारत शोभू लागली आणि दुपारी तीनला ठिबक सुरू झाली. "सूनबाई, अंघोळच घालायची तर कोमट पाणी तरी घे," असे त्या म्हणाल्या. मी हसले. चादर बदलताना मात्र कळले, की ओला भाग सासूबाई आपल्या धड हाताने झाकून ठेवत होत्या. मला पुन्हा अर्ज लिहावा लागू नये म्हणून.

५. तरी विनंती, की नळीस दोन बोटे उतार कायम ठेवण्याची लेखी परवानगी मिळावी आणि यापुढील तपासणी एसी चालू ठेवून, पलंगावर उताणे पडून करण्यात यावी. सासूबाई तेवढा वेळ खुर्चीत बसण्यास तयार आहेत. परिपत्रक बदलणे शक्य नसल्यास त्याची एक प्रत पाण्याच्या नावे काढावी. आम्ही त्यास वाचून दाखवू.

उत्तर येईपर्यंत पलंगावर छत्री धरून बसलेली,
आपली नम्र,
सदनिका क्र. ११ मधील सून
दि. १४ मे

सोबत : कालच्या एका दुपारचे पाणी, बाटली एक. कृपया आपल्या टेबलावर चार बोटे चढवून पाहावे. चढल्यास अर्ज मागे घेईन.