परक्याच्या कुशीत

३ ऑक्टोबर १९७८, ऑल्डमिअर

बस वेळेवर आली, सामान न फुटता उतरले, आणि खोली पत्रातल्या वर्णनापेक्षा चांगली निघाली. या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी घडाव्यात असे माझ्या बाबतीत सहसा होत नाही; म्हणून आरंभीच नोंदवून ठेवते.

घर चर्चच्या भिंतीला लागून आहे. खिडकीतून थडगी दिसतात, त्यांच्यामागे बीटची शेते, आणि शेतांमागे निव्वळ आकाश. मालकीण डल्सी कॅचपोल ऐंशीच्या पुढची. तिचे वडील आणि आजोबा या चर्चचे कबर खोदणारे होते. गावातल्या प्रेतांना आंघोळ घालून कपडे चढवण्याचे काम ती स्वतः अगदी अलीकडेपर्यंत करीत असे. हे तिने मला बटाट्यांची साले काढता काढता सांगितले. मला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणते. मी हस्तलिखितांची डॉक्टर आहे, माणसांची नव्हे, असे स्पष्ट केले. तर म्हणाली, मग गुडघ्याचं तुम्हाला विचारून काही उपयोग नाही. रात्रीच्या जेवणाला पिठात गुंडाळून वाफवलेले खारे मांस होते. मी दोनदा वाढून घेतले.

माझ्या माहेरच्या गॅरड घराण्याचा वंशवृक्ष पुरा करायला आले आहे. सात पिढ्या मी मूळ नोंदींवरून सिद्ध केल्या आहेत. एकच चौकट रिकामी आहे. पणजोबांची आई केझाया हिचे पहिले अपत्य. घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर ‘फेब्रुवारी १८३८, मुलगी’ एवढेच लिहिलेले आहे, नाव नाही. माझ्या आत्यांनी त्या जागी ‘लहानपणीच वारली’ असे पेन्सिलीने लिहून ठेवले होते. पुराव्यावाचून लिहिणे ही माझ्या दृष्टीने एक प्रकारची अस्वच्छता आहे. ते मी बायबल हाती आले त्याच दिवशी खोडून टाकले.

६ ऑक्टोबर

चर्चच्या मागच्या खोलीत नोंदवह्या पाहिल्या. पाद्री मिस्टर लोमॅक्स सज्जन आहेत, आणि सज्जन माणसांप्रमाणे निष्काळजी. अठराव्या शतकातल्या बाप्तिस्म्यांच्या वहीवर त्यांनी चहाचा कप ठेवला. मी तो न बोलता उचलला. त्यांनी क्षमा मागितली. मी क्षमा स्वीकारली, कप परत दिला नाही.

केझायाचे लग्न सापडले, पुढच्या मुलांचे बाप्तिस्मे सापडले, तिचे स्वतःचे दफन सापडले. पण ती मुलगी कुठेच नाही, ना बाप्तिस्म्यात, ना दफनात. मिस्टर लोमॅक्स म्हणाले, मग बहुधा ती जन्मलीच नसेल. हा माणूस दर रविवारी प्रवचन देतो.

९ ऑक्टोबर

उत्तर वह्यांत नव्हतेच. ते स्वयंपाकघरात होते.

आज जेवताना डल्सीने सहज सांगितले. जे मूल बाप्तिस्म्याआधी गेले त्याला पवित्र जमिनीत जागा नसे, नोंदही नसे. तेव्हा तिचे वडील, आजोबा आणि त्यांच्याही आधीचे कबर खोदणारे ते कापडात गुंडाळून घरी आणीत, आणि गावात पुढचे जे कोणी मरेल त्याच्या शवपेटीत, झाकण ठोकण्यापूर्वी, हळूच कुशीत ठेवून देत. म्हातारा असो, म्हातारी असो, सज्जन असो की दारुडा. दोन्ही घरांना यातले काही सांगायचे नाही. मी विचारले, त्या मेलेल्या माणसाची हरकत असती तर? डल्सी म्हणाली, “मेलेल्याला काय ओझं हो? हात तर तसाही रिकामाच.”

एकच नियम होता. त्या मुलाला नाव द्यायचे नाही, मनातसुद्धा नाही. बिननावाचे मूल निजून राहते; नाव मिळाले की हाक ऐकू येते.

प्रथा बुद्धीला पटण्यासारखी आहे, नियम नाही. प्रथा तेवढी टिपून घेतली.

१२ ऑक्टोबर

त्या फेब्रुवारीनंतरचे पहिले दफन: ओबडाया स्माय, कुंपणे घालणारा, अविवाहित, वय अठ्ठ्याहत्तर. उत्तरेच्या भिंतीशी त्याचा दगड आहे, एका अंगाला कललेला. ज्याने जन्मभर मूल हातात घेतले नसेल त्या माणसाच्या कुशीत माझ्या पणजोबांची बहीण एकशे चाळीस वर्षे निजली आहे. हा विचार मला अपेक्षेपेक्षा अधिक हलवून गेला, थंडीही होती.

संध्याकाळी वंशवृक्षाचा तक्ता पसरून बसले. सात पिढ्यांत एकच चौकट बिननावाची. दातांतल्या फटीकडे जीभ जाते तशी नजर तिकडेच जात होती. शेवटी नाव लिहिले. शाईने.

रोझलिंड.

अक्षरांचा तोल ऐकावा म्हणून उद्या सकाळी दगडापाशी उभी राहून मोठ्याने उच्चारीन. नाव चांगले आहे.

१४ ऑक्टोबर

डल्सीला सांगितले ही चूक झाली. तिने चहाची किटली खाली ठेवली आणि ‘मोठ्याने म्हणालात का?’ एवढेच विचारले. हो म्हटल्यावर तिने मला डॉक्टरीणबाई म्हणणे सोडले.

“तान्हं काय चालत येणार आहे होय, पोरी? ज्याच्या हातात आहे त्यालाच आणावं लागतं. त्या बिचाऱ्याला ठाऊकसुद्धा नसतं, कोण बोलावतंय.”

मग विचारले, हे नाव कोणाचे? मी म्हटले, मला आवडणारे एक नाव आहे. हे असत्य नाही. पूर्ण उत्तरही नाही.

तिने मूठभर मीठ नेऊन स्मायच्या कबरीवर टाकले. मी खिडकीतून पाहिले आणि हसले.

१७ ऑक्टोबर

स्मायच्या कबरीवरचे गवत होते तसेच आहे. दुपारी जाऊन पाहिले. केवळ डल्सीचे समाधान व्हावे म्हणून.

मिस्टर लोमॅक्स काल शहरातून परतताना मोठ्या रस्त्यावर एक बाई चालताना दिसल्याचे सांगत होते. अंगात हिरवा विणलेला स्वेटर, पाय अनवाणी, डावा हात दुमडून छातीशी धरलेला. यांनी गाडी थांबवून कुठे सोडू का म्हणून विचारले. तिने मान वळवली नाही. बिचारी वेड्यांच्या इस्पितळातली असावी, असे म्हणून त्यांनी केक घेतला.

मी ते विशेष मनावर घेतले नाही. माझे लक्ष उत्तरेच्या भिंतीकडे आहे.

२० ऑक्टोबर

पोस्टमनने डल्सीला सांगितले, तीच बाई आज सकाळी हॉक्सबीजवळ दिसली. हॉक्सबी शहराच्या अलीकडे आहे. म्हणजे ती इकडे येते आहे. पाऊस होता, तरी तिचा स्वेटर भिजल्यासारखा दिसत नव्हता, उलट मातीने वाळून कडक झाला होता. पोस्टमन मस्करीने म्हणाला, बाई, मूल झाकून घ्या, पावसात ओलं होईल. त्यावर तिने हात थोडा आणखी आवळला. हातात मूल आहे हे त्याला दिसले नव्हते म्हणे. ती ज्या तऱ्हेने चालत होती त्यावरून वाटले.

डल्सीने हे सांगून झाल्यावर माझ्याकडे फार वेळ पाहिले. मी म्हटले, स्माय पुरुष होता, आणि तो इथे, भिंतीशी आहे. पुरावा माझ्या बाजूने आहे.

ती म्हणाली, “स्मायला हाक मारलीसच कुठे तू?”

२३ ऑक्टोबर

सकाळपासून लिहायचे टाळते आहे. ज्याला पुरावा नाही ते मी लिहीत नाही. याला पुरावा आहे, मीच आहे.

१९५१, मार्च. शहरातले प्रसूतिगृह. मुलगी झाली. ती रडली नाही. मला दाखवली नाही. पडद्याच्या फटीतून टॉवेलची एक कड दिसली तेवढेच. मुख्य परिचारिका म्हणाली, सगळी व्यवस्था झाली आहे, मिसेस पेल, आता विसरायचं. माझ्या नवऱ्याने, लेनर्डने, माझा कोट धरला होता. आम्ही घरी आलो. ‘व्यवस्था’ म्हणजे काय, ते मी विचारले नाही. सत्तावीस वर्षे लोकांच्या पणज्यांच्या कबरी शोधल्या आणि हे विचारले नाही. लेनर्ड गेल्या वर्षी गेला. त्यानेही विचारले नाही.

नाव आम्ही नाताळातच ठरवून ठेवले होते. ते कुठेच लिहिलेले नव्हते.

डल्सीला हे सारे सांगितले. तिने किटली पुन्हा चढवली. मग म्हणाली की शहरात दफनाची व्यवस्था करणाऱ्यांकडे तिच्या वडिलांनी शिकवलेली माणसे होती. इस्पितळातून टॉवेलात गुंडाळलेले जे येई ते त्याच दिवशी पुरायच्या कोणाच्या तरी कुशीत जाई. तीच रीत. “वाईट नव्हतं गं ते,” ती म्हणाली. “एकटं तर नाही ना ठेवलं.”

माझी मुलगी एका परक्या बाईच्या हातात आहे. हिरवा स्वेटर घातलेल्या.

२५ ऑक्टोबर

स्टोनिंगच्या पुलावर दिसली. शाळेतून परतणाऱ्या मुलांनी दगड मारले म्हणे. तिने हात पाठीने झाकला आणि पुढे चालत राहिली.

ती मुले कोणाची, हे मला जाणून घ्यायचे आहे.

डल्सीने उपाय सांगितला. नाव खोडायचे, तक्ता जाळायचा, आणि ‘हे नाव तुझं नाही’ असे तीनदा म्हणायचे. मग ती जिथे असेल तिथून मागे फिरेल. न खोडले, तर येईल. दारात उभी राहील. मूल घेतले नाही तर तशीच उभी राहील, कायमची. घेतले तर ती मोकळी होईल. पण ज्याने घेतले तो बांधला जाईल. त्या मुलाला निजायला मातीतला हात लागतो. जिवंत हात फार काळ चालत नाही.

खोडण्यासाठी टाक हातात घेतला. शाई निबावरच वाळली.

२७ ऑक्टोबर

लिटल ब्रॅममध्ये दिसली. आमच्या शेजारचेच गाव.

मिस्टर लोमॅक्स येऊन गेले. डल्सीनेच पाठवले असणार. म्हणाले, तुम्ही काही दिवस बहिणीकडे जा. बहीण नाही म्हटले. मग प्रार्थना करू या का म्हणाले. मी विचारले, बाप्तिस्मा न झालेल्यांसाठी आपल्या पुस्तकात कोणती प्रार्थना आहे? त्यांनी पुस्तक उघडले, पाने उलटली, मिटले. त्यांचे डोळे भरून आले. त्यांना निष्काळजी म्हटले होते ते मागे घेते.

टाक पुन्हा घेतला. खोडले नाही. चूक खोडता येते. ही चूक नाही— चौकट चुकली आहे. केझायाची मुलगी बिननावाची आहे, स्मायच्या कुशीत निजली आहे, तिला निजू द्यावे. तिथले नाव खरवडून काढले, कागद फाटू न देता. आणि खाली, शेवटच्या ओळीत, माझ्या आणि लेनर्डच्या नावाखाली, एक नवी चौकट आखली. तिच्यात लिहिले.

पहिल्यांदाच तक्ता बरोबर आहे.

२९ ऑक्टोबर

आज घड्याळे मागे सरकवली. चहालाच अंधारून येते.

डल्सीने दारापुढच्या ओट्यावर मीठ टाकले होते. मी झाडून टाकले. तिने आतून एक लोकरीचे लहानसे पांघरूण आणले आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवले. तिच्या घरात कधी मूल नव्हते. मी विचारले नाही.

बीटच्या शेतातून एक आकृती— नाही. कावळे उडाले एवढेच.

३० ऑक्टोबर

फाटकापाशी आहे. दिवेलागणीपासून. आत येत नाही. खाली पाहते आहे, हाताकडे.

वाटली होती त्याहून तरुण आहे. माझ्यापेक्षा कितीतरी. केस बाळंतिणीसारखे ओले— कदाचित तीही त्याच वॉर्डात— त्याच दिवशी—

पाय फाटले आहेत. इतक्या लांबून. हात एकदाही बदललेला नाही. सत्तावीस वर्षे.

डल्सी म्हणते, “अजून खोडता येईल, पोरी.” मी म्हटले, ती दमली आहे.

दार उघडले.

तिचे नाव विचारायला हवे. तिची नोंदही कुठेतरी अपुरी असेल. तिचे कोणीतरी शोधत असेल—

ओट्यावर आली. थंडी नाही तिच्यासोबत, फक्त मातीचा वास, नुकत्या खणलेल्या वाफ्यासारखा. डल्सी मागे रडते आहे. ती बाई हात पुढे करते आहे— टॉवेल. तीच कड. निळी—

घेतली.

ती बाई आपल्या रिकाम्या हाताकडे पाहते आहे, तो सरळ करून पाहते आहे, आणि आता ओट्यावर कोणीच नाही. नाव विचारायचे राहिले.

डावा हात आता सरळ होत नाही. उजव्याने लिहिते. वही घसरते. हलकी आहे, लेनर्ड, इतकी हलकी, आणि टॉवेलाच्या आत, बोटे— माझे बोट धरून—