पेपर सोपा होता

३ जून २०२४, नांदेड. सकाळ.

आजपासून डायरी. मोठी माणसं लिहितात. पुढे कुणी विचारलं की सुरुवात कुठून झाली, तर आठवायला बरं पडेल. मी वीरेश, राहणार जळकोट, सध्या बी.एस्सी. नर्सिंग फायनल इयर. वर्गात मुलं मोजकी, बाकी सगळ्या मुली. या प्रोफेशनकडे सिरियसली बघणारा मी एकटा.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. रोज एक चॅप्टर. मोबाईल बंद. हे लिहीपर्यंत साडेनऊ वाजले, त्यामुळे पाचचा संकल्प उद्यापासून.

४ जून.

पाचला उठलो. झोप अपुरी झाली तर वाचलेलं डोक्यात शिरत नाही, हे आमच्याच पुस्तकात आहे. परत झोपलो.

१८ जून. प्रॅक्टिकल.

बाहेरून आलेल्या परीक्षक कडक. शेजारी आमच्या सौदामिनी मॅडम. मला मिळालेला पेशंट म्हणजे नायगावचे एक आजोबा, दम्याचे. प्रश्न आला, पेशंटला अचानक धाप लागली तर पहिलं काय कराल? मी लगेच सांगितलं, डॉक्टरांना कळवीन. सौदामिनी मॅडम म्हणाल्या, त्याच्या आधी? मी म्हणालो, डॉक्टरांचा नंबर शोधीन. मग त्यांनी विचारलं, डॉक्टर येईपर्यंत पेशंट काय करील? मी म्हणालो, वाट बघेल.

यावर आजोबा हसले आणि हसता हसता त्यांना खरंच धाप लागली. मी अजिबात न डगमगता डॉक्टरांना कळवायला पळालो. परत आलो तर शेजारच्या बेडवरून लुंबिनीने येऊन आजोबांना उशा लावून बसतं केलेलं, ऑक्सिजनही चालू. लुंबिनी म्हणजे माझी क्लासमेट, तीही नायगावचीच. दुसऱ्याच्या पेशंटमध्ये हात घालायची सवय आहे तिला. मॅडम तिला एक शब्द बोलल्या नाहीत. सरळ सरळ पक्षपात.

संध्याकाळी आईचा फोन. बालवाडीपासून तिचा प्रश्न एकच, पेपर सोपा व्हता का बाबा? मी म्हणालो, हाव, लई सोपा. ती म्हणाली, पावला माझा महादेव. आमच्याकडे पेपर सोपा गेला की देवापुढे साखर ठेवतात आणि मग ती गल्लीत वाटतात. रिझल्ट कधी लागतो याकडे आईचं फारसं लक्ष नसतं. तिचं काम त्याच दिवशी उरकलेलं असतं.

५ ऑगस्ट.

पास! प्रॅक्टिकलला काठावर. म्हणजे एक मार्कसुद्धा जास्तीचा घेतला नाही. लुंबिनी कॉलेजात पहिली आली. कष्टाळू आहे बिचारी. सगळ्यांना माझ्यासारखं आतूनच येत नाही.

७ ऑगस्ट, जळकोट.

एसटीतून उतरलो. स्टँडवर चहाच्या टपरीपाशी भुजंगकाका, म्हणजे माझे सख्खे चुलते, आठ-दहा माणसं घेऊन बसलेले. मला बघून मोठ्याने ओरडले, आली का रे आपली शिस्टर! सगळे हसले. एकाने विचारलं, पांढरा फ्रॉक कुठं हाय? मी पण हसलो.

घरी येईपर्यंत कान तापलेले. चार वर्षं झाली, हेच ऐकतो आहे. बापू, म्हणजे माझे वडील, टपरीवर तिथेच बसले होते. ते हसले नाहीत. पण बोललेही नाहीत. ते फार लागलं.

ठरलं. लुंबिनी अमेरिकेच्या लायसन्सची परीक्षा देणार आहे म्हणे. मी पण देणार आणि पास होऊन दाखवणार. मग या स्टँडवर मला शिस्टर म्हणायची कुणाची छाती होते ते बघतोच.

२ सप्टेंबर, लातूर.

लायसन्सचा क्लास लावला. लातूर माझंच. नीटसाठी इथे दोन वर्षं काढली. डॉक्टर झालो नाही, पण त्यात लातूरची काही चूक नव्हती आणि माझीही नव्हती. पेपर अवघड होता. मला सोपा पेपर आला असता तर आज चित्र वेगळं असतं.

क्लासचे सर्वेश सर तरुण आहेत, टेक्निकल बोलतात. ही परीक्षा कॉम्प्युटरवर असते. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०. मध्येच कुठेही बंद होऊ शकते. सर म्हणाले, प्रत्येकाला वेगळे प्रश्न येतात, तुमचं उत्तर बघून कॉम्प्युटर पुढचा प्रश्न ठरवतो. एवढं ऐकलं आणि मी चहाला गेलो. पुढचं ऐकायची गरज नव्हती. परीक्षा देणं मला कुणी शिकवायचं?

लुंबिनी समोरच्या बाकावर. सरांचं बोलणं लिहून काढत बसली होती.

१४ ऑक्टोबर. पहिली मॉक टेस्ट.

सुरुवातीचे दोन प्रश्न जरा आडवे होते. मग कॉम्प्युटरला माझा अंदाज आला असावा. प्रश्न सोपे होत गेले. शेवटी शेवटी तर थर्मामीटर कुठे लावतात इथपर्यंत. जिथे शंका वाटली तिथे माझं हुकमी उत्तर, डॉक्टरांना कळवा. चार पर्यायांत ते कुठेतरी सापडतंच.

लुंबिनीचे हाल बघवत नव्हते. तिला एकाहून एक भयंकर प्रश्न. किडनी, हार्ट, साखर, सगळं एकाच पेशंटला. बाहेर आली तेव्हा चेहरा उतरलेला. मी तिला चहा पाजला. म्हणालो, कॉम्प्युटरचंही नशीब असतं, होतो कुणावर प्रसन्न. तिने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं.

आईला फोन केला. साखर ठेवली गेली.

१९ नोव्हेंबर.

आज लुंबिनीने मला बाजूला घेतलं. म्हणाली, वीरेश, रागावू न्हाई, पण उत्तर बरोबर आलं की तो पुढचा प्रश्न अवघड देतो, अन् चुकलं की सोपा देतो. तुला सगळे सोपेच यायलेत म्हणून सांगते. मी ऐकून घेतलं. संस्कार आहेत.

मग शांतपणे समजावलं. जगात कुठली परीक्षा हुशार पोराला त्रास देण्यासाठी आणि ढ पोराला मदत करण्यासाठी काढतात? काही लॉजिक? लातूरला मी हजारो पोरं बघितली. पेपर सोपा गेलेलं पोर पेढे वाटतं, अवघड गेलेलं पोर रूमचं दार लावून घेतं. ती म्हणाली, सरांना विचार. मी म्हणालो, विचारतो.

विचारणार नाही. सर नक्कीच तिच्या बाजूचे. मुळात जळतात लोक.

३ जानेवारी २०२५.

नवीन वर्षाचं नवीन टाइमटेबल. चार रंगांत केलं. हिरवा म्हणजे अभ्यास, लाल म्हणजे रिव्हिजन, निळा व्यायाम, पिवळा इंग्रजी बोलण्याचा सराव. दोन दिवस त्यातच गेले, पण काम मात्र फर्स्ट क्लास झालं. थकवा आलाय. उद्या सुट्टी.

६ जानेवारी.

हिरवा स्केच पेन संपला. आणायला गेलो, मित्र भेटला, तो जेवायला घेऊन गेला. परिस्थितीच अशी की हिरव्या रंगाचं काही होईना.

२२ फेब्रुवारी.

सर्वेश सरांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, तुमचा स्कोअर खाली चाललाय, तारीख पुढे ढकलता येते. मी म्हणालो, सर, माझे प्रश्न दिवसेंदिवस सोपे होत चाललेत, आता थांबलो तर लय जाईल. सरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, त्या विषयावरच मी पहिल्या दिवशी एक तास बोललो होतो. म्हणजे त्यांना माझी हजेरी लक्षात आहे. चांगली छाप पडली आहे.

आणखी म्हणाले, दर वेळी डॉक्टरला कशाला बोलावता, पेशंटकडे आधी तुम्ही स्वतः बघा ना. मी मान हलवली. कॉन्फिडन्स वेगळी गोष्ट आहे, आगाऊपणा वेगळा. डॉक्टर असताना मी कशाला बघू?

९ मे, हैदराबाद. परीक्षा.

झालं!! मी जिंकलो.

पहिला प्रश्न बरा होता. मग कॉम्प्युटर वठणीवर आला. सोपा, सोपा, त्याहून सोपा. बेडपॅन, हात धुणे, पेशंटशी गोड बोलणे. आणि ८५ व्या प्रश्नाला स्क्रीन बंद! कॉम्प्युटरने हात टेकले. याला आणखी काय विचारायचं, म्हणाला असेल. आत बसलेली पोरं माना खाली घालून घाम पुसत होती. मी त्यांच्यामधून ताठ चालत बाहेर आलो.

लुंबिनीचा नंबरही आजच होता. ती फार उशिरा आली. तिला शेवटपर्यंत सोडलंच नाही, दीडशेच्या दीडशे प्रश्न, आणि सगळे राक्षसी. बाहेर येऊन पायरीवर बसून रडली. मला खरंच वाईट वाटलं. परतीच्या गाडीत तिला माझ्याजवळची केळी दिली. म्हणालो, नायगावला पण दवाखाने आहेत, अमेरिकाच कशाला पाहिजे? ती म्हणाली, तू झोप.

आईला गाडीतूनच कळवलं. ती विचारायच्या आतच म्हणालो, सोपा! तिकडून बापूंचा आवाज आला, काय म्हणतो, सोपा म्हणतो का? बापू कधी फोनजवळ येत नाहीत.

१२ मे, जळकोट.

एसटी स्टँडात वळली आणि मी खिडकीत उभाच राहिलो. टपरीच्या वर भला मोठा फ्लेक्स! जळकोटचा ढाण्या वाघ अमेरिकेच्या परीक्षेत यशस्वी, हार्दिक अभिनंदन. माझा फोटो, गळ्यात स्टेथोस्कोप, तो कॉम्प्युटरवर लावलेला. त्याच्या दुप्पट फोटो भुजंगकाकांचा, हात जोडून, कारण ते बाजार समितीच्या निवडणुकीला उभे आहेत. खाली शुभेच्छुकांची इतकी तोंडं की बापूंना जागाच उरली नाही.

मी म्हणालो, काका, रिझल्ट अजून आला नाही. काका म्हणाले, येऊन येऊन काय येणार हाय? सोपा व्हता म्हणलास ना? मी म्हणालो, हाव. ते म्हणाले, मग झालं तर.

फेटा बांधला. शाल, नारळ. काका माइकवर म्हणाले, आम्ही या पोराला लहानपणापासून डाक्टरच म्हणत आलो. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नजरेला नजर दिली नाही. ज्याने फ्रॉक कुठे आहे म्हणून विचारलं होतं तो पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होता. खोटं कशाला लिहू, इतकं बरं मला आयुष्यात वाटलं नव्हतं. बापूंनी कार्यक्रम झाल्यावर माझ्या फेट्याचा शेमला नीट केला. मग त्यांचा हात थोडा वेळ खांद्यावर राहिला.

३० मे, लातूर.

ई-मेल आला आहे. इंग्रजी जरा अवघड आहे. सवडीने वाचू.

३१ मे.

वाचला. नापास.

सोबत रिपोर्ट आहे, विषयवार. बहुतेक ठिकाणी पातळीच्या खाली असं आहे. माझं मत: अमेरिकेला आपल्याकडची पद्धत समजत नाही. आपल्याकडे डॉक्टरांना मान आहे, तिकडे नाही, म्हणून माझी उत्तरं त्यांना चुकीची वाटली. मी माझ्या संस्कृतीशी तडजोड करणार नाही.

लुंबिनी पास झाली. दीडशे प्रश्नांत रडत रडत. तिचा फोन आला, वाईट वाटून घेऊ नको, नोट्स देते, म्हणाली. तसं नाही, तसं नाही, असं मी दोनदा म्हणालो. कशाबद्दल म्हणालो ते आठवत नाही.

२ जून.

भुजंगकाकांना सांगितलं. त्यांनी आधी दार लावलं. मग म्हणाले, कुणाला बोलू नको, इलेक्शन होऊ दे. मी म्हणालो, फ्लेक्स काढा. ते म्हणाले, त्याच्यावर माझा पण फोटो हाय. त्यांचं बरोबर आहे. घरी मात्र मी अजून बोललो नाही. आई साखर वाटून बसली आहे, ती काही परत गोळा करता येत नाही.

१५ जून.

निर्धार! परत देणार. खचणारा मी नव्हे. हार ही माझ्या डिक्शनरीत नाही. नवीन टाइमटेबल, या वेळी एकाच रंगात. लुंबिनीच्या नोट्स घेतल्या, केवळ तिचं मन राखायला. आज सर्वेश सरांचं ते पहिल्या दिवसाचं लेक्चर पण रेकॉर्डिंगवर पूर्ण ऐकलं. चहाला गेलो नाही.

१७ जून. दुपार.

प्रॅक्टिस टेस्टला बसलो. पहिलाच प्रश्न: पेशंटला धाप लागली आहे, आधी काय कराल? हात सवयीने डॉक्टरकडे गेला. मग मला नायगावचे ते आजोबा दिसले. पेशंटला टेकवून बसवा, यावर क्लिक केलं.

पुढचा प्रश्न अवघड आला. एवढा अवघड की अर्धे शब्द कळले नाहीत. मी खुर्चीवरून उठून नाचलो. आयुष्यात पहिल्यांदा मी अवघड प्रश्न कमावला होता.

बसलो, विचार केला, उत्तर दिलं. मग पुढचा आला. जेवणाआधी हात का धुवावेत? म्हणजे आधीचं चुकलं होतं. त्याच्या पुढचा त्याहून सोपा. त्याच्या पुढचा तर पहिलीतल्या पोराला यावा असा. प्रत्येक सोपा प्रश्न बघून मला घाम फुटायला लागला. मी लॅपटॉप मिटला.

तेवढ्यात आईचा फोन. काय करायलास बाबा, म्हणाली. मी म्हणालो, सरावाची परीक्षा होती. ती म्हणाली, सोपी व्हती का?

सांगायचं होतं की एक प्रश्न अवघड आला, आई, एक तरी आला. पण तिला ते कसं सांगणार? ती घाबरली असती.

म्हणालो, हाव, लई सोपी.

ती म्हणाली, पावला माझा महादेव, साखर ठेवू का?

ठेव म्हणालो.