बहात्तरच्या वर

वाटूर, ता. परतूर
शुक्रवार, १२ डिसेंबर

चि. अंगद,

आधी ती आली, दीपमाला. तो मागून आला, सायकल हातानं ढकलत, लंगडी गाय आणावी तसा. तुला आशीर्वाद, तुझ्या आईला, बापाला, बहिणीला अर्पिताला पण, माझी तब्येत गुडघा सोडला तर बरी, हे सगळं लिहिलेलंच समज. मला आधी हे सांगू दे, न्हाई तर राहून जातं.

परवा बुधवारची गोष्ट. मी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. तर ही बाई समोर उभी, डोक्यावर टोपडं, डोळ्यावर काळा चष्मा. म्हणली, "आजी, इथं सायकलचं दुकान कुठंय?" म्हणलं, हे काय समोर, पण कुलूप हाय, कचरू तीर्थपुरीला लग्नाला गेलाय. तिचं तोंड असं उतरलं की मला राहवलं न्हाई. म्हणलं, काय झालंय ते दाखव तरी. "तुम्हाला कळतं का आजी यातलं?" म्हणलं, बाई, ते दुकान आमचंच होतं, कचरू आमच्याच हाताखाली शिकला. मालक सायकली भाड्यानं द्यायचे आणि पंक्चर मी काढायचे. तीस वर्षं. शाळा तिसरीपर्यंतच झाली माझी, पण टायरवरचे आकडे मला लेकरांच्या नावासारखे पाठ हायेत.

तेवढ्यात तिचा नवरा आला, बुद्धभूषण. दोघंही मास्तर. संभाजीनगरहून नांदेडला सायकलवर निघालेले, हौस म्हणून. "जयभीम आजी," म्हणला. मी पण जयभीम म्हणलं आणि चहा ठेवला. दुर्गाबाईनं लगेच तिच्या दारातून मान काढली, "कोण पाव्हणे हो झुंबरबाई, सोयरीक का काय?" म्हणलं, सोयरीक न्हाई, पंक्चर हाय.

पंक्चर पण साधं न्हाई. काच लागून टायर कडेला चिरला होता. त्यात ट्यूबच न्हाई, नुसतं दुधासारखं पातळ औषध. बारीक भोक पडलं की ते आपोआप बुजवतं म्हणे, पण एवढी चीर कशी बुजणार. टायर काढला आणि ते सगळं दूध माझ्या लुगड्यावर. दीपमाला कावरीबावरी झाली. म्हणलं, धुतलं की जातंय. अजून गेलं न्हाई. जुन्या टायरचा तुकडा कापून मी आतून लावला, आपण गेटर म्हणतो तो. ट्यूब त्यांच्या पिशवीत होती, ती घातली. हात विसरले न्हाईत बघ. नखं काळी झाली तर मला लई बरं वाटलं.

ट्यूब घालायच्या आधी मी सवयीनं रिमच्या आतून अंगठा फिरवला होता. रिमचा काठ आतल्या अंगाला मुडपलेला असतो, टायरची तार त्या मुडपाखाली अडकून बसते. इथं मुडपच न्हाई. काठ भिंतीसारखा सरळ, गुळगुळीत. मी म्हणलं, "सर, तुम्हाला दुकानदारानं फसवलं. घासलेली रिम गळ्यात मारलीय." दोघं हसायला लागली. मला पण हसू आलं, कशाचं ते न कळता. घरात तीन माणसं एकदम हसली की आवाज केवढा होतो, ते मी विसरून गेले होते.

सरांनी मंग समजावलं. फळा न्हाई तर हवेतच बोटानं चित्र काढलं. म्हणाले, आता अशा बिनमुडपाच्या रिमा निघतात. मुडप न्हाई म्हणून टायरची तार जरासुद्धा न पसरणारी लागते. तसा टायर वेगळा मिळतो, त्याच्यावर तसं लिहिलेलं असतं. "दुसरा कोणताबी टायर चढतो आजी, पण चढला म्हणजे बसला असं न्हाई." दीपमाला हळूच म्हणली, "लग्नाआधी हे मला कुणी सांगितलं न्हाई." सर खाली बघून हसले.

हवा भरायला मी मालकाचा उभा पंप काढला. दोन्ही पायात दाबून भरायला लागले. अंगठ्यानं दाबून बघायचं, मऊ लागला की अजून भरायची. आपल्याकडं चाक दगडासारखं झालं तरच गिऱ्हाईक खुश. तर दीपमालानं माझा हात धरला. "बस आजी." तिनं काट्याचं बारीक यंत्र लावलं, पासष्ट आले. मी म्हणलं, अजून लई जागा हाय. तिनं रिमवरचा बारका आकडा दाखवला. बहात्तर.

"ह्याच्या वर न्हाई जायचं."

"आकडा तर टायरवर असतो बाई."

"दोन्हीवर असतो. जो लहान, तो धरायचा."

"आणि वर गेलं तर?"

"टायर रिम सोडून उडतो," सर म्हणाले. "उन्हात तर लवकरच. रस्ता तापला की हवा आतून फुगते. पुढचं चाक असलं तर माणूस तोंडावरच पडतो."

मी चहा गाळायला आत गेले. चहा तर मघाच गाळून झाला होता, तसाच कपात होता.

मंग त्यांना जेवू घातलं. ज्वारीच्या भाकरी, तुरीच्या सोल्याची आमटी, लसणाची चटणी. सरांना तिखट लागलं, पाणीच पीत राह्यले. दीपमालानं माझ्या डोक्याला तेल लावून दिलं, नको म्हणत असताना. तिच्या बोटांना नेमकं कळत होतं कुठं दुखतं ते. तिची आजी मागच्या वर्षी गेली.

आता लिहायचं ते लिहिते. दोन दिवस टाळलं, या पत्रात पण एवढा वेळ टाळलं. फोनवर मी दुसरंच बोलत बसते, म्हणून कागद घेतला.

वैशाखात तू आलास. पुण्याहून तीन दिवस सायकल मारत, काळाठिक्कर पडून. मला वाटलं, साऱ्या वाटूरला बोलावून दाखवावं की माझा नातू बघा. तू परत निघायच्या आदल्या संध्याकाळी कचरूनं तुझ्या चेनला तेल घातलं, फडक्यानं पुसली, बाकी कशाला हात लावला न्हाई. मी म्हणलं, हवा भरून देते. तू म्हणलास, "आजी, हवा मी बघीन, तू हात नको लावू." मला वाटलं, म्हातारीला कष्ट नकोत म्हणून बोलतोस.

सकाळी तू आंघोळीला गेलास. मी पुढचं चाक दाबून पाह्यलं, तर मऊ. चष्मा लावून टायरवरचा आकडा वाचला, एकशे दहा. म्हणलं, पोरगं इतक्या कमी हवेवर तीन दिवस आलं. तू हवा भरायच्या व्हॉलचं बारकं डोकं कसं फिरवतोस ते मी पाह्यलं होतं. फिरवलं, पंप लावला आणि भरली. टायर दगड होईपर्यंत भरली. मागच्या चाकाला हात घालणार, तर न्हाणीचं दार वाजलं. मी पंप कणगीमागं सारला.

दहाला उन्हात निघालास. बाराला फोन आला, पुलाच्या उतारावर पडलास म्हणून. खांद्याचं हाड मोडलं, आत स्टीलची पट्टी घालावी लागली. दवाखान्यात तू सगळ्यांना सांगत होतास, माझंच टायर बसवायला चुकलं असंल. तुझ्या बापाला, भागवतला, ते पटलं न्हाई. तो इथं फाट्यावर, दुकानापुढं आला आणि चार माणसांत कचरूला नको ते बोलला. पोराच्या सायकलला हात लावलास, आमच्या ओट्यावर पुन्हा पाय ठेवू नको म्हणला. कचरूनं तोंड उघडलं न्हाई. मी ओट्यावरच उभी होते, अंगद. मी पण बोलले न्हाई.

जास्त हवेनं ट्यूब फुटलेली मी शंभरदा पाह्यलीय. टायरच निघून गेलेला कधी पाह्यला न्हाई. म्हणून मनाला समजावत होते की हवेनं असं होत नसतं. पण पंप कणगीमागं कशाला सारला, ते माझं मला ठाऊक होतं. मी सरांना एकशे दहाचं विचारलं, आमच्या अंगदचं म्हणून न्हाई, असंच. ते म्हणाले, ज्या टायरवर एकशे दहा लिहिलंय तो बहुतेक ह्या बिनमुडपाच्या रिमचा नसतोच. म्हणजे टायर तुला चुकीचाच मिळाला होता. पण त्याच टायरवर तू पुण्याहून इथपर्यंत आलास. तो उडाला माझ्या हवेनं.

कचरू आधी रोज चारला चहाला यायचा. बोलायचा काही न्हाई, बसायचा. सात महिने झाले. एकट्या माणसाचा चहा मापात बसत न्हाई, रोज उरतो. दिवाळीला तुम्ही पण कुणी आला न्हाईत.

काल मी त्याच्या दुकानात गेले. तो चाकाचा आऊट काढत होता, तारा आवळून चाक सरळ करत. म्हणलं, "कचरू, त्या दिवशी हवा मी भरली होती."

त्यानं मान वर केली न्हाई. "ठाऊक हाय काकू."

"तुला कसं?"

"मालकाचा पंप वर येताना शिट्टी मारतो. वीस वर्षं ऐकलाय. मी शटर उघडत होतो तवा."

"मंग भागवतला सांगितलं का न्हाई?"

"तुम्ही उभ्या होत्या की तिथं. म्हणलं, तुम्ही बोलाल."

"सात महिने वाट पाह्यलीस?"

"न्हाई. चार महिने पाह्यली. मंग सोडून दिली."

मी म्हणलं, चल, चहाला चल. तर म्हणला, "भागवतनं येऊ नको म्हणलंय. त्यानं ये म्हणलं की येतो." आणि चाक फिरवायला लागला.

तर अंगद, दोन कामं कर. अर्पितानं फोनवर सांगितलं, तू सायकल भिंतीवरून खाली काढलीस आणि नवे टायर बघून राह्यलास. मी तिला तुझ्या रिमच्या आतून बोट फिरवायला लावलं. "गुळगुळीत हाय आजी," म्हणली. म्हणजे तुझी रिम त्यातलीच. दुकानदार चालतंय म्हणला तरी ऐकू नको, बिनमुडपाच्या रिमला चालतो असं टायरवर लिहिलंय का ते स्वतः वाच. रिमच्या कंपनीची यादी असते, कोणता टायर आणि केवढा रुंद, ती बघूनच घे. सर म्हणाले अठ्ठावीस मिलिमीटरपेक्षा बारीक बिलकुल नको. वापरून तार ढिली झालेला कुणाचा जुना टायर चढवू नको. हवा काट्यानं मोज, अंगठ्यानं न्हाई. आणि तुझ्या सायकलला कुणालाच हवा भरू देऊ नको, किती का मायेचं माणूस असंना.

दुसरं काम, हे पत्र भागवतला वाचून दाखव. सगळं वाच, मधलं गाळू नको. त्याला राग आला तर माझ्यावर येऊ दे, त्याचा हक्क हाय. पण कचरूला त्यानं स्वतः फोन करावा. चार माणसांत बोलला होता, फोन निदान दुकान उघडं असताना, लोक असताना करावा. तुझा राग पण मी घेईन. खांद्याच्या पट्टीवर थंडीत दुखतं का, ते विचारायची मला हिंमत झाली न्हाई म्हणून फोनवर कधी विचारलं न्हाई. आता विचारते. दुखतं का?

तुला ये म्हणत न्हाई. ती दोघं, दीपमाला आणि सर, म्हणालीत, परतताना येतो, चिरलेलं चाक एकदा कचरूच्या नजरेखालून घालायचंय. एकवीस तारखेला, रविवारी.

वाट बघायची सवय लागलेली,
तुझी आजी
झुंबरबाई